वाचकांचे प्रश्न: टर्म शून्याकडे जातेय, मग बेरीज का थांबत नाही?

गेल्या अंकात कॅल्क्युलसच्या अभ्यासावर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर ठाणे, कळवा, ऐरोलीपासून नेरुळपर्यंतच्या वाचकांचे प्रश्न आले आणि गंमत म्हणजे जवळपास सगळे एकाच चॅप्टरवर, सीक्वेन्स आणि सिरीज, म्हणजे आकड्यांची न संपणारी रांग आणि तिची बेरीज. त्यामुळे यावेळी बाकीचं सगळं बाजूला ठेवलंय. कुणाला लांबलचक उत्तर मिळालंय, कुणाला दोन ओळींचं, राग मानू नका.

मॅडम, मी एफवाय बीएस्सीला आहे, ऐरोलीहून रोज ठाण्याला कॉलेजला येते. अकरावीत एपी, जीपी (समान फरकाच्या आणि समान पटीच्या रांगा) मस्त जमायचं. आता सिरीजच्या इतक्या टेस्ट आल्यात, त्या त्या एक्सरसाइजमध्ये गणितं सुटतात पण पेपरात मिक्स आलं की कुठली टेस्ट लावायची तेच कळत नाही. आणि एक बेसिक डाउट आहे, वर्गात विचारायला लाज वाटते. १/एन तर शून्याकडे जातं, मग त्याची बेरीज इन्फिनिटी कशी? जे मिळवतोय ते संपतच चाललंय ना?

अगं लाज कसली त्यात, हा डाउट कधीच न विचारता डिग्री घेतलेले लोक मला भेटतात, टेस्ट सगळ्या तोंडपाठ पण टेस्ट नक्की कशाची करतोय ते माहीत नाही. तुझा दुसरा प्रश्न आधी घेते, तो सुटला की पहिला निम्मा सुटलाच म्हणून समज.

सिरीज म्हटलं की तुझ्यासमोर एक नाही, दोन सीक्वेन्स असतात. एक टर्म्सची, म्हणजे १, १/२, १/३, १/४ अशी, आणि दुसरी आतापर्यंतच्या बेरजांची, म्हणजे पार्शल समची, १, १.५, १.८३, २.०८ अशी. बँकेच्या पासबुकात जमेचा रकाना वेगळा असतो आणि शिल्लकेचा वेगळा, तसंच. दर महिन्याला जमा होणारी रक्कम कमी कमी होत शून्याकडे चाललीय, एवढ्यावरून शिल्लक कुठेतरी अडकेल असं म्हणता येईल का? नाही ना, ती किती भराभर कमी होतेय त्यावर आहे सगळं. सिरीज कन्व्हर्ज होते, म्हणजे बेरीज एका आकड्यावर स्थिरावते (नाही स्थिरावली तर डायव्हर्ज), हे आपण दुसऱ्या रकान्याबद्दल बोलत असतो आणि मुलं बघत बसतात पहिल्याकडे, घोळ होतो तो इथेच.

आता एक काम कर. वहीचं पान उभं दुमड, डाव्या बाजूला १/एन च्या पार्शल सम लिही, उजव्या बाजूला १/(एनचा वर्ग) च्या. पहिल्या दहा टर्म तरी हाताने कर, कॅल्क्युलेटर घे हवं तर पण प्रत्येक ओळ स्वतः लिही. दहाव्या ओळीला डावीकडे २.९३ येईल आणि उजवीकडे १.५५. पुढचं मोबाईलच्या स्प्रेडशीटवर टाक, शंभराव्या टर्मला डावीकडे ५.१९, उजवीकडे १.६३५, दहा लाखाव्या टर्मला डावीकडे १४.३९ आणि उजवीकडे १.६४४९च्या आसपासच. म्हणजे उजवा रकाना कुठे थांबायचं ते ठरवून बसलाय (तो आकडा पायचा वर्ग भागिले ६ आहे हे ऑयलर या गणितज्ञाने १७३४च्या सुमारास शोधलं) आणि डावा रकाना अगदी रडतखडत का होईना पण वरच चाललाय. १०चा आकडा ओलांडायला त्याला १२,३६७ टर्म लागतात, २० ओलांडायला २७ कोटींहून जास्त, पण ओलांडतो म्हणजे ओलांडतोच.

आणि तो कधीच थांबणार नाही हे कशावरून? हे १४व्या शतकात निकोल ओरेम नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवून ठेवलंय आणि त्याला एकही टेस्ट लागली नाही. १/३ आणि १/४ घे, दोघांची बेरीज अर्ध्यापेक्षा जास्त, कारण दोन्ही निदान १/४ तरी आहेतच. पुढच्या चार टर्म, १/५ ते १/८, त्या प्रत्येक निदान १/८, म्हणजे परत अर्ध्याहून जास्त. पुढच्या आठ घे, परत अर्धा. असे अर्धे-अर्धे कितीही गोळा करता येतात मग बेरीज अडेल कुठे? हे आर्ग्युमेंट वही बंद करून कुणाला तरी तोंडी सांगता आलं पाहिजे, तेवढं जमलं तरच कम्पॅरिजन टेस्टच्या एक्सरसाइजला हात लाव.

आता टेस्टचं बघू. पुस्तकात प्रत्येक एक्सरसाइजच्या डोक्यावर टेस्टचं नाव छापलेलं असतं, म्हणजे गणितातला सगळ्यात अवघड भाग, काय लावायचं ते ठरवणं, हा कुणीतरी आधीच करून दिलेला असतो आणि तुझ्याकडे उरते ती नुसती आकडेमोड. तू तीच आकडेमोड घोटलीस आणि पेपरात नेमकं ठरवायलाच सांगितलं, मग गडबडणारच. त्यामुळे टेस्टनुसार अभ्यास एकदाच करायचा, पद्धत कळण्यापुरता, त्यानंतर सगळ्या एक्सरसाइजमधली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवायची, टेस्टचं नाव न लिहिता, आणि पिसून घ्यायची. ऐरोली ते ठाणे प्रवास तो केवढा, पण तेवढ्यात पाच चिठ्ठ्या होतात, कारण गाडीत सोडवायचं नाहीचे, फक्त बघायचं आणि मनात म्हणायचं की ही कन्व्हर्ज होईल का, कशाने दाखवीन, आणि का. सोडवणं घरी.

बघायचं म्हणजे काय बघायचं? एन खूप मोठा झाला की टर्म कशासारखी दिसते ते. समज टर्म आहे (३एन+५) भागिले (एनचा घन − एन + ७). एन लाखात गेला की वरचा ५ आणि खालचे एन नि ७ यांना कोण विचारतो, उरलं ३एन भागिले एनचा घन, म्हणजे ३/(एनचा वर्ग), कन्व्हर्ज होणार, लिमिट कम्पॅरिजनने दोन ओळीत लिहून टाक. (एनचा वर्ग + १) भागिले (एनचा घन + ४) आली तर ती १/एन सारखी, डायव्हर्ज. वर एनचं वर्गमूळ आणि खाली एनचा वर्ग + १, तर ती १ भागिले एनचा दीडवा घात, पी सिरीज (१ भागिले एनचा पीवा घात), पी एकापेक्षा मोठा, कन्व्हर्ज. इथे एक कळकळीची विनंती, असल्या वर-खाली नुसते एनचे घात असलेल्या सिरीजवर रेशो टेस्ट (पुढची टर्म भागिले आधीची टर्म, त्याचं लिमिट) लावू नकोस ग बाई. लिमिट कायम १ येतं आणि १ आलं की रेशो टेस्ट काहीच सांगत नाही. दरवर्षी मुलं त्यावर दहा मिनिटं घालवतात, पानभर सिम्प्लिफाय करतात आणि शेवटी १ बघून रडकुंडीला येतात. रेशो टेस्ट कुठे? फॅक्टोरियल (१ ते एन सगळ्यांचा गुणाकार) दिसलं किंवा एन घातांकात बसलेला दिसला की. २चा एनवा घात भागिले एन फॅक्टोरियल, रेशो २/(एन+१), शून्याकडे गेला, संपलं. आख्खी टर्मच एनव्या घातात असेल तर रूट टेस्ट. खाली एन गुणिले लॉग एन दिसलं तर यातलं काही चालणार नाही, तिथे इंटिग्रल टेस्ट, आणि गंमत बघ, १/(एन लॉग एन) डायव्हर्ज होते पण लॉगचा वर्ग केलास की कन्व्हर्ज, इतकी बारीक रेघ आहे ती.

याच्यासाठी कोण कोणापेक्षा जोरात वाढतं ते अंगात मुरलेलं पाहिजे. एन १० घे, लॉग एन (नॅचरल, कॅल्क्युलेटरवरचा एलएन) २.३, एनचा वर्ग १००, २चा एनवा घात १०२४, एन फॅक्टोरियल ३६,२८,८०० आणि एनचा एनवा घात १००० कोटी. पण एन १० वर बघून फसूही नकोस, एनचा १०वा घात आणि २चा एनवा घात यांची शर्यत लाव, एन ५८ असतानाही २चा घात मागेच असतो, ५९ला पुढे जातो आणि मग वळूनही बघत नाही. सिरीजमध्ये शेवटी तेच महत्त्वाचं, पहिल्या हजार टर्म काय करतात याने बेरजेचा आकडा बदलतो, कन्व्हर्जन्स बदलत नाही.

आणि सगळ्याच्या आधी, म्हणजे टेस्टचं नाव डोक्यात यायच्याही आधी, टर्म शून्याकडे जातेय का बघ. नसेल जात तर डायव्हर्ज लिहून मोकळी हो. जात असेल तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही, हे तुझ्या १/एन ने दाखवलंच. (−१)चा एनवा घात गुणिले एन/(एन+१) हे परीक्षकांचं लाडकं गणित आहे, प्लस-मायनस दिसलं की मुलं लायब्निट्झ टेस्टवर (प्लस-मायनस वाल्या सिरीजची टेस्ट) झडप घालतात, आणि टर्मची साइझ १कडे चाललीय हे बघतच नाहीत.

मी कोपरखैरण्याला राहतो, बीएस्सी मॅथ्स. लिमिटची एप्सिलॉन वाली डेफिनिशन (एन नॉटच्या पुढच्या सगळ्या टर्म लिमिटपासून एप्सिलॉनच्या आत) पाठ आहे, पुस्तकातला प्रूफ वाचला की पटतो पण स्वतः करायला बसलो की सुरुवातच होत नाही. पुस्तकवाल्यांना एन नॉट आधीच कसा माहीत असतो?

माहीत नसतो रे. त्यांनी तो रफमध्ये उलटं जाऊन काढलेला असतो आणि फेअर करताना रफचं पान फाडून टाकलेलं असतं, एवढंच गुपित आहे. तुला प्रूफ वरून खाली छापलेला दिसतो, तो तयार झालेला असतो खालून वर.

घे, (२एन+१) भागिले (एन+३), लिमिट २. रफमध्ये आधी फरक काढ: टर्म वजा २, वर उरतात −५, खाली एन+३, म्हणजे अंतर ५/(एन+३). हे एप्सिलॉनपेक्षा लहान हवंय, म्हणजे एन+३ हा ५/एप्सिलॉनपेक्षा मोठा हवा. झालं, एन नॉट सापडला, ५/एप्सिलॉन किंवा त्याहून मोठा कुठलाही पूर्णांक घेतलास तरी चालतो, कमीत कमी किती ते कुणी विचारलेलं नाही त्यामुळे ते ३ वजा करत बसायची गरजच नाही. आता फेअरमध्ये उलट्या क्रमाने लिही, एप्सिलॉन दिलाय, असा असा एन नॉट घेऊ, मग पुढच्या प्रत्येक एनसाठी अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी.

हे सगळं अक्षरांत करायच्या आधी एकदा आकड्यांत कर, एप्सिलॉन ०.०१ ठेव, ४९७च्या पुढचा प्रत्येक एन चालतो, ०.००१ ठेव, ४,९९७च्या पुढचा. समोरचा माणूस हट्टाने एप्सिलॉन लहान करत जातो आणि तू दर वेळी नवीन एन नॉट काढून देतोस, तो कितीही लहान देऊदे तुझ्याकडे उत्तर असलं पाहिजे, डेफिनिशन एवढंच म्हणते. एप्सिलॉन आधी त्याचा, एन नॉट नंतर तुझा. क्रम उलटा केलास तर वाक्याचा अर्थच बदलतो, पेपरात मार्क जातात ते बहुतेक याच्यावर.

आणि लिमिट नाही हे दाखवायची पण सवय कर, ते कुणी करत नाही. १, −१, १, −१ ला लिमिट का नाही? असेल समज एल, तर एप्सिलॉन अर्धा घेतला की पुढच्या सगळ्या टर्म एलपासून अर्ध्याच्या आत हव्यात, म्हणजे दोन शेजाऱ्यांमधलं अंतर १पेक्षा कमी हवं, आणि इथे ते २ आहे. संपला प्रूफ.

माझी मुलगी सेकंड सेमला आहे. तासन् तास मोबाईलवर सिरीजचे व्हिडिओ बघते, विचारलं की म्हणते समजलंय सगळं, आणि युनिट टेस्टला पान कोरं. मला गणितातलं काही कळत नाही, मी काय मदत करू शकते? (मानपाडा, घोडबंदर रोड)

ताई, ती खोटं बोलत नाहीये, बघताना खरंच समजतं. दुसऱ्याने सोडवलेलं गणित बघताना प्रत्येक पायरी पटतेच, पण पुढची पायरी काय असेल हे ठरवायचं काम तो व्हिडिओतला माणूस करत असतो, तिचं डोकं नुसती मान डोलावतं. व्हिडिओ बंद करायला सांगू नका, भांडणं होतील उगाच. फक्त एवढं सांगा की गणित लिहून झालं की तिथे पॉज, आधी तू पाच मिनिटं झगड, मग पुढे बघ. आणि व्हिडिओ संपल्यावर कोऱ्या कागदावर तेच गणित न बघता, परत दुसऱ्या दिवशी एकदा, परत आठवड्याने. दुसऱ्या दिवशी अडकली तर घाबरायचं नाही, अडकून आठवण्यातच ते पक्कं होतं.

तुम्हाला गणित येत नाही हे उलट चांगलंच आहे. तुम्ही भाजी निवडत असाल तेव्हा तिला समोर बसवा आणि म्हणा, सांग मला ही सिरीज कन्व्हर्ज का होते. ती म्हणेल रेशो टेस्टने. तुम्ही विचारा, रेशो टेस्टच का? मग विचारा, आणि दुसरी लावली असती तर? तुम्हाला उत्तर कळलं नाही तरी ती अडखळली हे कळेलच, आणि कुठे अडखळली ते तिला कळेल. क्लास बदलायची घाई करू नका, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अजून एका क्लासला जायचं म्हणजे हातातले दीड-दोन तास गेले, तेवढ्या वेळात घरी पंखा लावून दहा गणितं होतात.

इंजिनिअरिंग, नेरुळ. मॅथ्सला केटी लागलीय, पेपर परत द्यायचाय. एक्स्पान्शनचे फॉर्म्युले पाठ आहेत. लॉग ३ काढायला लॉग (१+एक्स) मध्ये एक्स = २ टाकलं तर आकडे वेडेवाकडे यायला लागले. फॉर्म्युला चुकला का? आणि कॅल्क्युलेटर असताना हे सगळं शिकायचं कशाला?

फॉर्म्युला (एक्स − वर्ग भागिले २ + घन भागिले ३ − ...) बरोबर आहे, तू तो जिथे चालत नाही तिथे चालवलास. पण तू आकडे टाकून बघितलेस हे मला फार आवडलं, बहुतेक जण बघतच नाहीत. तुला आलं असेल ते असं: २, मग ०, मग २.६७, मग −१.३३, मग ५.०७, मग −५.६, आणि पुढे अजून मोठे झोके. खरं उत्तर १.०९८६, कॅल्क्युलेटरचं एलएन बटण दाब. तर ही सिरीज एक्स −१ आणि १च्या मधे असेल तेव्हाच लॉगची आहे (१ हे टोक धरून, −१ सोडून), बाहेर ती कोणाचीच नाही. म्हणून पुस्तकात फॉर्म्युल्याशेजारी बारीक अक्षरात जी अट लिहिलेली असते ना, ती फॉर्म्युल्याचाच भाग आहे, पाठ करताना अटीसकट कर.

मग लॉग ३ निघत नाही का? निघतो की. लॉग (१+एक्स) मधून लॉग (१−एक्स) वजा कर, सम घात सगळे उडतात आणि उरतं २ गुणिले (एक्स + घन भागिले ३ + पाचवा घात भागिले ५...). एक्स = १/२ ठेव, (१+एक्स)/(१−एक्स) बरोबर ३ झालं. फक्त पाच टर्म कर, १.०९८५ येतं. तोच लॉग, आधी पिसाटला होता, आता पाच टर्ममध्ये आटोक्यात. कॅल्क्युलेटर असताना कशाला विचारतोस, तर कॅल्क्युलेटर किंवा कॉम्प्युटरला मुळात बेरीज-गुणाकारच येतात, साइन आणि लॉग असल्याच कुठल्यातरी बहुपदीवर किंवा बेरजेवर आणून सोडावे लागतात, आणि किती टर्मनंतर थांबलं तर चालेल हे कुणीतरी माणसाने आधी ठरवलेलं असतं. इंजिनिअर म्हणून तुझा प्रश्न तोच असणार, कुठे थांबू आणि किती चुकेन. प्लस-मायनस वाली, टर्म शून्याकडे उतरत जाणारी सिरीज असेल तर उत्तर सोपं, चूक पुढच्या टर्मपेक्षा जास्त नसते. लॉग १.१ काढ, ०.१ − ०.००५ + ०.०००३३, तीन टर्ममध्ये ०.०९५३३, पुढची टर्म ०.००००२५, म्हणजे चूक तेवढ्याच्या आत.

हे काही नवीन शहाणपण नाही बरं का. १४व्या शतकात केरळात संगमग्रामचा माधव होऊन गेला, पाय भागिले ४ ची १ − १/३ + १/५ − १/७... ही सिरीज त्याच्या परंपरेत युरोपच्या दोनेकशे वर्षं आधी माहीत होती, ज्येष्ठदेवाच्या १५३०च्या सुमाराच्या मल्याळम ग्रंथात तिची सिद्धतासुद्धा आहे. पण ती सिरीज कन्व्हर्ज होते ती अगदी कूर्मगतीने, पाच टर्म करून ४ने गुणलं तर ३.३४, म्हणजे काहीच नाही. मुळात ती एक्स − घन भागिले ३ + पाचवा घात भागिले ५ − ... अशी आहे, एक्स १ ठेवून; त्या लोकांनी तीच सिरीज १ ऐवजी १/(३चं वर्गमूळ) टाकून वापरली, १२चं वर्गमूळ गुणिले (१ − १/(३×३) + १/(५×९) − ...), पाच टर्ममध्ये ३.१४२६. कन्व्हर्ज होते का हा एक प्रश्न आणि किती लवकर होते हा दुसरा, आणि माधवाला दुसरा पण पडला होता.

केटीच्या पेपरसाठी एक: इंटर्व्हल ऑफ कन्व्हर्जन्स (एक्सच्या कुठल्या किमतींना सिरीज कन्व्हर्ज होते ते) विचारला की रेशो टेस्टने रेडियस काढून थांबू नकोस, टोकं वेगळी तपास. (एक्स−३)चा एनवा घात भागिले (एन गुणिले २चा एनवा घात) घे. मधोमध ३, रेडियस २, म्हणजे १ ते ५. एक्स ५ ठेवला की १/एन ची सिरीज, गेली. एक्स १ ठेवला की तीच प्लस-मायनस, राहिली. म्हणून १ आत, ५ बाहेर. टोकांवर रेशो टेस्ट परत लावायचा मोह होईल, तिथे लिमिट १ येणार हे आधीच ठरलेलं आहे, ते टोक मुळात तसंच तर निघालंय. आणि १/(१+एक्सचा वर्ग) ही फंक्शन कुठेच तुटत नाही तरी तिच्या सिरीजचा रेडियस १ का, असा प्रश्न पडला तर उत्तर कॉम्प्लेक्स नंबरमध्ये आहे, एक्सच्या जागी आय (−१चं वर्गमूळ) टाकला की खालचा भाग शून्य होतो, आणि ० ते आय हे अंतर १ आहे.

निवृत्त आहे, नौपाड्यात राहतो. नातवाने व्हॉट्सॲपवर पाठवलं की १ + २ + ३ + ४ ... याची बेरीज −१/१२ होते आणि हे रामानुजनने सिद्ध केलंय. हे खरं मानायचं का?

काका, नातवाला सांगा की पार्शल सम लिहून दाखव, १, ३, ६, १०, १५, ही −१/१२ कडे कधी वळणार? ज्या अर्थाने या चॅप्टरमध्ये बेरीज म्हणतात त्या अर्थाने ही सरळसरळ डायव्हर्जंट आहे, पेपरात −१/१२ लिहिलं तर शून्य मार्क. पण फॉरवर्ड अगदीच थाप पण नाही. रामानुजनने १९१३ साली इंग्लंडमधले गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात हे खरंच होतं, आणि ही विचित्र ओळ वाचून आपल्याला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल असं तो गमतीने म्हणालाही होता. झीटा नावाचं एक फंक्शन आहे, एक्स १पेक्षा मोठा असेल तिथे ते १/(एनचा एक्सवा घात) या सिरीजने काढता येतं, ऑयलरची पायचा वर्ग भागिले ६ वाली बेरीज म्हणजे तेच, एक्स २ असताना. बाकीच्या ठिकाणी ते दुसऱ्या मार्गाने वाढवून न्यावं लागतं आणि −१ला त्याची किंमत −१/१२ येते. तिथे सिरीजचा फॉर्म्युला लागूच नसतो, फॉरवर्डवाले तोच तिथे टाकून मोकळे होतात. वरच्या नेरुळच्या मुलाने लॉगमध्ये २ टाकलं, अगदी तोच प्रकार.

वाशी. टेस्टचे प्रूफ पेपरला येतात. पाठ केले तर चालतील का?

पाठ केलेस तर एक अक्षर विसरलास की पुढचं सगळं जातं. रेशो टेस्टचंच बघ, त्यात जीपीशिवाय काही नाहीये. टर्म पॉझिटिव्ह धर, रेशोचं लिमिट एल, १पेक्षा लहान. एल आणि १च्या मधे एक आकडा आर निवड. कुठल्यातरी टर्मपासून पुढे प्रत्येक रेशो आरपेक्षा लहान राहणार, म्हणजे प्रत्येक टर्म आधीच्या टर्मच्या आरपटीपेक्षा कमी, म्हणजे सगळी शेपटी एका जीपीच्या खाली, आणि तिची बेरीज तर तुला अकरावीपासून येते. एवढं कळलं तर प्रूफ तू स्वतःच्या शब्दांत लिहिशील, आणि एल १ आला की टेस्ट गप्प का बसते तेही वेगळं पाठ करावं लागणार नाही, आर ठेवायला मधे जागाच उरलेली नसते.